सासर लागोसचं, झाडू श्टुटगार्टचा

आमच्या घरात जर्मन मला येतं, असा एक समज होता. तो मीच पसरवला होता. लागोसमध्ये तो तपासून बघणारं कुणी भेटत नाही, त्यामुळे तो बरीच वर्षं टिकला आणि टिकता टिकता वाढला. सुरुवातीला मी ‘पुण्यात असताना मॅक्सम्युलर भवनात थोडं शिकले होते’ असं म्हणायचे. पुढे ‘थोडं’ गळालं. मग ‘होते’ गळालं. शेवटी सासूबाई चर्चमधल्या बायकांना सांगायला लागल्या, की आमच्या सुनेला जर्मनमध्ये स्वप्नं पडतात. मी ते खोडून काढलं नाही. सासरी मान कशामुळे मिळतोय याची फार चौकशी करू नये.

थोडी ओळख देते. मी पुण्याची, आई मूळची मालवणची. नवरा नायजेरियन, इग्बो, कॅथलिक, एनुगूकडचा. तो इंजिनिअरिंगला पुण्यात आला होता. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थ्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती त्यांना भाड्याने घर देणाऱ्यांची. घर शोधत तो आमच्या गल्लीत आला. घर मिळालं नाही, मी मिळाले. लग्नाला दोन्हीकडून रीतसर विरोध झाला आणि दोन्हीकडचा विरोध जेवणाच्या पानावर मावळला. इग्बो घरात एगुसीच्या रश्शात वाळवलेल्या कोलंबीची पूड घालतात, तिला ते क्रेफिश म्हणतात. आईने डबा उघडून वास घेतला, म्हणाली, ‘अगो, ही तर सुकट!’ आणि विषय संपला. लग्नानंतर आम्ही लागोसला गेलो, तिथे दोन मुलं झाली आणि माझं जर्मन वर सांगितल्याप्रमाणे बहरलं.

लागोसमध्ये देश सोडून जाण्याला ‘जापा’ म्हणतात. शब्द योरुबा आहे, पण आता तो सगळ्या नायजेरियाचा झालाय. ऑफिसात एखादी खुर्ची रिकामी दिसली, तर ‘आजारी आहे का?’ असं कुणी विचारत नाही. ‘कॅनडा की यूके?’ असं विचारतात. जून 2023 मध्ये सरकारने नायराचा दर मोकळा सोडला आणि पुढच्या काही महिन्यांत आम्ही नवऱ्याचा पगार डॉलरमध्ये मोजायचं बंद केलं. उगाच मनाला लागतं. त्याच सुमारास श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने त्याला बोलावलं. नातेवाईक गोळा झाले. इंग्लंड, कॅनडा ठीक. जर्मनीत भाषेचं काय करणार, असा प्रश्न निघाला. आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, ‘भाषेचं माझ्यावर सोडा.’

कागदपत्रांची कहाणी आटोपती घेते, नाहीतर हा लेख पुरणार नाही. नायजेरियातल्या जन्माच्या, लग्नाच्या दाखल्यांवर जर्मन वकिलात नुसता शिक्का मारत नाही. दाखला खरा आहे का, हे स्थानिक वकिलाला प्रत्यक्ष पाठवून तपासून घेण्याची पद्धत आहे. त्याप्रमाणे एक कोट घातलेला गृहस्थ नवऱ्याच्या गावी गेला. शाळेत गेला, चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याचं रजिस्टर पाहिलं, भावकीत विचारपूस केली. गावाला वाटलं, आपला मुलगा मंत्री होतोय. एका चुलत काकांनी प्रेमापोटी त्याचं वय चार वर्षांनी वाढवून सांगितलं, कारण मंत्री जरा पोक्त बरा. ती चार वर्षं परत कमी करून घेण्यात आमचा पावसाळा गेला.

निघताना माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा. सासूबाईंनी त्या भरल्या आणि माझ्या आईने व्हिडिओ कॉलवरून त्यांवर देखरेख केली. स्टॉकफिश, क्रेफिश, कसाव्याची गारी, पाम तेल, किलिशी नावाचं मसाला लावून वाळवलेलं मांस, याम नावाचे दोन भलेमोठे कंद, आणि आईने पुण्याहून कुणाबरोबर तरी धाडलेलं साजूक तूप. जर्मनीत उतरल्यावर हिरव्या मार्गाने गुपचूप निघायचं, असं नवऱ्याचं मत होतं. पण तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला थांबवलं आणि मला जर्मनमध्ये विचारलं, ‘मांस किंवा दुधाचे पदार्थ आहेत का?’

वाक्य पूर्ण समजलं. पहिलं वाक्य, खऱ्या जर्मन माणसाच्या तोंडचं, आणि एकही शब्द निसटला नाही! त्या आनंदात मी त्याला सगळी यादी सांगितली. न विचारलेलंसुद्धा सांगितलं. तूप कशापासून होतं, किलिशीत कोणतं मांस असतं, कोणत्या बॅगेत खाली आहे आणि कोणत्या बॅगेत वर, सगळं विभक्तिप्रत्ययांसकट. तो अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याने माझ्या जर्मनचं कौतुक केलं आणि तूप, किलिशी आणि याम काढून ठेवले. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दूधदुभतं आणता येत नाही. ताजी फळं-भाज्याही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. मासळी मात्र माणशी वीस किलोपर्यंत चालते. त्यामुळे स्टॉकफिशचा सगळा गठ्ठा सुखरूप सुटला. हा स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेच्या थंड वाऱ्यात वाळवलेला कॉड. बियाफ्राच्या युद्धात, 1967 ते 70 या काळात, मदतीचं अन्न म्हणून तो इग्बो मुलखात भरपूर आला आणि तिथलाच होऊन गेला. तर युरोपचा मासा आम्ही लागोसहून पैसे भरून परत युरोपात आणला आणि घरचं तूप विमानतळावर सोडलं. नवरा टॅक्सीत एवढंच म्हणाला, ‘फारच छान बोललीस.’

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करावी लागते. घरमालकाची चिठ्ठी घेऊन आम्ही चौघं खिडकीसमोर बसलो. दुभाषी अर्थातच मी. नाव, जन्मतारीख, आधीचा पत्ता सुरळीत झालं. (लागोसचा पत्ता ‘पेट्रोल पंपासमोरच्या चर्चमागे’ असा होता. मी त्याला शक्य तेवढं जर्मन रूप दिलं.) मग बाईंनी धर्म विचारला. मी नवऱ्याला सांगितलं, ‘धर्म विचारताहेत. नुसतं माहितीसाठी असतं. अभिमानाने सांग.’

इग्बो कॅथलिक माणसाला असं सांगायची गरज नसते. त्याने रोमन कॅथलिक असल्याचं सांगितलं, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाल्याचं सांगितलं, आपण चर्चच्या गायनवृंदात असल्याचं सांगितलं आणि मी ते सगळं भाषांतरित केलं. बाईंनी शांतपणे एक कळ दाबली. माझ्या नावापुढे मी ‘काही नाही’ लिहून घेतलं, कारण हिंदू म्हटल्यावर पुढे काय विचारतील याची मला धास्ती होती.

पहिली पगाराची चिठ्ठी आली तेव्हा त्या कळीचा उलगडा झाला. जर्मनीत चर्चचा कर सरकार पगारातूनच कापून घेतं. आयकर जेवढा होईल त्याच्या आठ टक्के बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियात, बाकी राज्यांत नऊ. कॅथलिक म्हणून नोंद झाली की कापणी सुरू. नको असेल तर सरकारी दप्तरात जाऊन, फी भरून, आपण चर्च सोडत असल्याचं लिहून द्यावं लागतं. हे वाचून दाखवल्यावर नवरा दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आईला फोन लावला. सासूबाई मात्र हरखल्या. ‘म्हणजे तिथे सरकारच माणसाला दान चुकवू देत नाही? देवाचा देश आहे तो!’ त्यानंतर चर्च सोडण्याचा विषय आमच्या घरात कायमचा मिटला. रविवारी नवरा आपल्या पैशांचं काय होतंय ते बघायला गेला, तर फादर केरळचे निघाले. जर्मनीत पाद्र्यांची टंचाई आहे आणि भारत, नायजेरिया, पोलंड इकडून बरेच जण येतात. परत येऊन तो म्हणाला, ‘माझ्या पगारातून तुझ्याच देशात पैसे चाललेत.’ हे खरं नव्हतं, पण मी बोलण्याच्या परिस्थितीत नव्हते.

आता जिन्याकडे येते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, लाकडी जिन्याचं. जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं की तो लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. मुलांना ही सोय मनापासून पटली, कारण लागोसमध्ये दिवे असेच वागतात. तिथे वीज आली की गल्लीभर ‘अप नेपा!’ अशी आरोळी उठते. नेपा नावाचं ते वीजमंडळ 2005 सालीच बंद झालं, पण आरोळीला नवं मंडळ अजून लागू झालेलं नाही. तर आमची दोन्ही मुलं रात्री उशिरा कुठूनतरी येताना जिन्यातलं बटण दाबायची आणि दिवा लागला की पूर्ण ताकदीने ‘अप नेपा!’ म्हणायची. रात्री दहा ते सकाळी सहा ही इथे शांततेची वेळ. दारं किलकिली व्हायची. मी प्रत्येक दाराला हसून ‘शुभ रात्री’ म्हणायचे. जनरेटरचा आवाज नसल्यामुळे मुलांना त्या घरात पहिले काही दिवस झोप लागत नव्हती, आणि आमच्यामुळे बाकीच्यांना.

तळमजल्यावर एक आजी राहतात. इमारत कुणाच्याही मालकीची असो, चालवतात त्या. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि बोलायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं, की मॅक्सम्युलर भवनात शिकवतात ते जर्मन आणि श्टुटगार्टच्या आजी बोलतात ते श्वाबी, यांची फक्त लांबची ओळख आहे. एक शब्द कळेल तर शपथ. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या ‘गेल?’ म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. ‘होय ना?’ असंच विचारताहेत, एवढं उघड होतं. मग मी होय म्हणायचे. बाजूला नवरा उभा, मुलं उभी. आजींनी बहुधा दहा मिनिटं समजावलं. झाडाकडे, तळघराकडे, फुटपाथकडे बोट दाखवलं. मी सगळ्याला होय म्हटलं.

वर आल्यावर नवऱ्याने विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

‘वेलकम म्हणाल्या.’

‘एवढा वेळ?’

‘जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं.’

दोन दिवसांनी आमच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकलेली दिसली. गोल अक्षरं, कडेने फुलं, वर लिहिलेलं ‘केरवोखे’. हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. पण मुलं विचारत होती, आणि माहीत नाही म्हणणं मला त्या वयात जमलं नसतं. मी सांगितलं, नव्या शेजाऱ्यांच्या स्वागताची पाटी असते, जुनी पद्धत आहे. पाटी आत आणली. नवी वस्तू घरात आली म्हणून तिला हळदकुंकू लावलं आणि हॉलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगली. फोटो काढून पुण्याच्या आणि एनुगूच्या दोन्ही ग्रुपवर टाकला. जर्मन माणसं थंड असतात असं कोण म्हणतं, असा वर मजकूर.

पुढच्या आठवड्यात दाराशी एक झाडू उभा केलेला मिळाला. नवा नव्हता, पण चांगला होता. मी भारावले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सुपली आली. मी नवऱ्याला म्हटलं, आपणही काहीतरी द्यायला हवं, आणि चकल्या करून मजल्यामजल्यावर वाटल्या. लोकांनी त्या गंभीर चेहऱ्याने घेतल्या. जिन्यात तोपर्यंत बरीच धूळ जमली होती. मी मनातल्या मनात म्हटलं, बाकी सगळं छान, पण स्वच्छतेच्या बाबतीत जर्मनीचं नाव उगाच झालंय.

मग नवऱ्याने एक साधी गोष्ट केली. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाला त्याने इंग्रजीत विचारलं. एवढंच. मी हे का केलं नाही याचं उत्तर लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे.

केरवोखे म्हणजे केर काढण्याचा आठवडा. श्वाबी इमारतींत पाळी लावलेली असते. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. शनिवारी काम पुरं करायचं आणि पाटी पुढच्या दारावर लटकवायची. ही झाली धाकटी. थोरली केरवोखे वेगळी, तिच्यात फुटपाथ, अंगण, तळघर आणि हिवाळ्यात बर्फ. ही कुणा एका आजींची हौस नाही. श्टुटगार्टच्या 1492 सालच्या नगरकायद्यात प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असा हुकूम आहे. त्याच साली कोलंबस भारत शोधायला निघाला होता. आणि पाचशेहून जास्त वर्षं फिरत असलेली ती पाळी मी गणपतीशेजारी टांगून ठेवली होती. पाटी पुढे सरकेना, म्हणून इमारतीत कुणाचीच पाळी येईना, म्हणून कुणीच झाडेना. झाडू आणि सुपली या सूचना होत्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा मात्र खूश. ‘ओह, सॅनिटेशन!’ म्हणाला. लागोसमध्ये वर्षानुवर्षं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सात ते दहा कुणी रस्त्यावर यायचं नाही, घरासमोरची गटारं आणि अंगण साफ करायचं, असा नियम होता. 1984 साली लष्करी राजवटीने शिस्तीची मोहीम काढली, तेव्हापासूनचा. रस्त्यावर दिसाल तर पकडून न्यायचे. 2016 मध्ये लागोसने ती संचारबंदी उठवली. नवरा लहानपणापासून हातात फावडं घेऊन वाढलेला. ज्याला जर्मनचं अक्षर येत नव्हतं त्याला केरवोखे एका वाक्यात कळली. त्याने बाह्या सारल्या, वरपासून खालपर्यंत जिना झाडला, पुसला, कठडे पुसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ‘वेल डन!’ म्हणत राहिला. नायजेरियात काम करणाऱ्या माणसाला असं म्हणायची रीत आहे. हा स्वतःच काम करत होता तरी दुसऱ्यांना म्हणत होता. पाटी पुसून पुढच्या दारावर लटकवली. पण लाकडात कुंकवाची खूण राहिली ती राहिलीच. पुढे आजींनी ती घासून बघितली. गेली नाही.

बाटल्यांचं एका परिच्छेदात सांगते. इथे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की परत मिळते. आपल्याकडे बाटलीवर लिहिलेलं असतं, वापरून झाल्यावर चिरडून टाका. मी त्या सूचनेचं आयुष्यभर पालन केलेली बाई. महिनाभराच्या बाटल्या पायाखाली घेऊन, सपाट करून, दोन पिशव्या भरून यंत्रासमोर उभी राहिले. चिरडलेल्या बाटलीवरची खूण यंत्राला वाचता येत नाही. ते एकेक बाटली आत घ्यायचं, विचार करायचं आणि परत द्यायचं. मागे रांग. एका भल्या माणसाने बाटलीत फुंकून ती पुन्हा फुगवता येते असं दाखवलं. मी फुंकत बसले. गाडीच्या लायसन्सबद्दल मात्र इथे लिहीत नाही. लागोसच्या थर्ड मेनलँड ब्रिजवर वर्षानुवर्षं गाडी हाकलेल्या माणसाने परीक्षा देताना काय काय केलं, हा त्याच्या अब्रूचा प्रश्न आहे आणि हा लेख माझ्या अब्रूचा आहे.

विमानतळावर गेलेल्या यामचं दुःख नवऱ्याला होतंच. शहरात आफ्रिकन वाणसामानाचं दुकान सापडलं. पाम तेलाच्या शेजारी बासमती, कसाव्याच्या पिठाशेजारी कैरीचं लोणचं. आमच्यासारख्या कुटुंबाची कुणीतरी आधीच सोय करून ठेवली होती. तिथे याम मिळाला आणि लाकडी उखळ-मुसळही मिळालं. उकडलेला याम गुळगुळीत गोळा होईपर्यंत कुटायचा आणि एगुसीबरोबर खायचा. यामचं तयार पीठही मिळतं, पण त्याबद्दल नवऱ्याचं मत आपल्या आज्यांचं मोदकाच्या साच्याबद्दल असायचं तेच आहे. तर रविवारी, चर्चहून आल्यावर, आम्ही स्वयंपाकघराच्या जमिनीवर उखळ मांडलं.

रविवार हा इथे मौनाचा दिवस. दुकानं बंद, भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत. आणि आमच्याकडे धप, धप, धप, जुन्या लाकडी फळ्यांवर, पाळीपाळीने चौघंजण. खालच्या घरात झुंबर हललं असं नंतर कळलं. थोड्या वेळाने आजी वर आल्या, मागे जिन्यात दोन-तीन चेहरे. आजी बोलायला लागल्या. त्यातलं ‘रविवार’ मला कळलं. मला वाटलं, रविवारचा खास बेत काय, असं विचारताहेत. मी त्यांना आत बसवलं. उखळ दाखवलं. पान वाढलं. चमचा देऊ का विचारलं, त्या नको म्हणाल्या आणि नवऱ्याचं बघून हाताने जेवल्या. स्टॉकफिशचा तुकडा त्यांनी बराच वेळ चघळला. जेवून उठताना पुन्हा बोलल्या, बोट वर करून, सावकाश. ‘गेल?’ म्हणाल्या. मी म्हटलं, होय. पुन्हा काही म्हणाल्या. ‘गेल?’ होय, होय.

‘काय म्हणाल्या?’ नवरा.

‘जेवण आवडलं.’

मला खरंच तसं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. एक, रविवारी कुटणार नाही. दुसरी, गुडघ्याच्या इलाजासाठी आजी गावी जातील तेव्हा त्यांच्या थोरल्या केरवोखेच्या पाळ्या आम्ही घेऊ. आमच्या वाट्याला एरवी वर्षाकाठी मोजक्याच पाळ्या आल्या असत्या. मी होय म्हणून म्हणून जवळजवळ अख्खा हिवाळा घेतला होता.

पहिली थोरली पाळी दिवाळीच्या शनिवारी आली. यावेळी मी नवऱ्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, झाडलोट मला शिकवायची नाही, मी पुण्याच्या वाड्यात पायऱ्या धुतलेली मुलगी आहे. पुण्यात जिना कसा धुतात? वरून बादली ओततात आणि खराट्याने पाणी खाली आणतात. मी तिसऱ्या मजल्यावरून सुरुवात केली. पाणी आज्ञाधारकपणे खाली गेलं. तळमजल्यावर थांबेल असं मला वाटलं होतं, पण तिथून पुढे तळघराच्या पायऱ्या होत्या, आणि तळघरात प्रत्येक घराची एकेक कोठडी. बटाटे, मुरंबे, नाताळची सजावट, एका घरातला जुना अकॉर्डियन. तिसऱ्या मजल्यावरचा तरुण अनवाणी, सायकल डोक्यावर घेऊन वर आला तेव्हा मला अंदाज आला. नवऱ्याने, मुलांनी आणि निम्म्या इमारतीने मिळून पाणी उपसलं. नवरा सगळ्यांना ‘वेल डन’ म्हणत होता. मला सोडून.

एवढं झाल्यावर गप्प बसायचं की नाही? पण दिवाळी होती आणि फुटपाथ स्वच्छ धुऊन ओला झालेला. मला राहवेना. सडा तर आयताच पडला होता. मी दारासमोर मोठी रांगोळी काढली, रंग भरले. लोक थांबून बघायला लागले. आजी काठी टेकत बाहेर आल्या. गावी जायचं अजून आठवड्यावर होतं. त्यांनी रांगोळीभोवती एक फेरी मारली. माझा फोटो काढून होईपर्यंत थांबल्या. मग आत जाऊन झाडू घेऊन आल्या आणि सगळी रांगोळी सुपलीत भरली. फुटपाथवर पावडर शिल्लक असेल तर केरवोखे पुरी झाली असं धरत नाहीत.

मुलगा मात्र तोवर शाळेत अस्सल श्वाबी बोलायला शिकला होता. आता आजींशी बोलताना दुभाषी तो असतो. मला तो आधीच बजावतो, ‘आई, मान हलवू नकोस.’ हिवाळ्यात पहिला बर्फ पडला तेव्हा आम्ही चौघं खिडकीला नाक लावून उभे. पुण्यात आणि लागोसला मिळून आमच्या खानदानात कुणी बर्फ पडताना पाहिलेला नाही. व्हिडिओ कॉल लावून दोन्ही आज्यांना दाखवत होतो. तेवढ्यात बेल वाजली. मुलाने दार उघडलं, ऐकलं आणि आत येऊन मराठीत सांगितलं, ‘सात वाजायच्या आत फुटपाथवरचा उचलायचा असतो. कुणी घसरून पडलं तर आपल्या नावावर.’ पावणेसात वाजले होते. नवरा फावडं घेऊन खाली गेला. एनुगूच्या माणसाने श्टुटगार्टचा बर्फ पंधरा मिनिटांत साफ केला, आणि त्याच्या आईने तो सगळा सोहळा फोनवरून पाहून ‘शेवटचा शनिवार आहे का?’ असं विचारलं.

आजी अजून माझ्या कामाबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा तरुण म्हणतो, श्वाबी माणूस रागावला नाही म्हणजे त्याने कौतुक केलं असं समजायचं. मी तसं समजते. एनुगूच्या ग्रुपवर तसं कळवलंही आहे.

वाचकांपैकी कुणी इकडे येणार असेल तर जरूर कळवा. सुकट आणा, वीस किलोपर्यंत कुणी अडवत नाही. तूप आणू नका, इथलं लोणी कढवलं की उत्तम तूप होतं. फक्त तारीख ठरवण्याआधी मला एकदा विचारा. डिसेंबरात पाटी बरेच दिवस आमच्याच दारावर असते, आणि त्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी फावडं दिलं जाईल. सकाळी सातच्या आत.